मेजरची पट्टी

शेणव्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव लागतं, आणि गावामागे लगेच टेकडी. टेकडीच्या अंगावर, घरांपासून हाकेच्या अंतरावर, गवत नसलेली एक लांब पट्टी आडवी गेलेली आहे. दोन बैलगाड्या शेजारी-शेजारी जातील एवढी रुंद. नवख्या माणसाला वाटतं, इथे कधीतरी रस्ता काढायचं ठरलं असेल आणि ते अर्धवट राहिलं असेल. तो रस्ता नाही. ती जाळपट्टी आहे. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला तर तो गावात उतरू नये, म्हणून माझ्या बाबांनी दर फाल्गुनात तिथलं गवत कापलं, पाला लोटला, झुडपं खणून काढली. चाळीस वर्षं. गाव तिला मेजरची पट्टी म्हणतं.

बाबा मेजर नव्हते. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून घरी आले. पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. बाबांनी सुरुवातीला दोन-तीन जणांना समजावून सांगितलं, मग नाद सोडला.

मागच्या चैत्रात ते गेले. त्यानंतर एक पावसाळा झाला, आणि पावसाळ्यानंतर त्या पट्टीवर पुरुषभर गवत उभं राहिलं असणार हे मला शहापूरला बसून दिसत होतं. पोस्टाच्या खिडकीत बसून मी पत्रांवर शिक्के मारायचे आणि डोळ्यांपुढे ते गवत पिवळं पडत जायचं. फाल्गुन लागला तशी मी दोन दिवसांची रजा टाकली आणि आदल्या रात्री उशिरा गावी आले. भावाला, सुधीरला, काही बोलले नाही. त्याची कारखान्यातली नोकरी, शेती, आईचं दुखणंखुपणं. त्याला अजून काय सांगायचं? सकाळी नीट उजाडायच्या आत आईला म्हटलं, जरा फिरून येते, आणि एकटीच टेकडी चढायला लागले.

मोहाच्या फुलांचा वास आधी आला. गोड, थोडासा आंबूस, घशात बसणारा. पायाखाली सागाची वाळलेली पानं पापडासारखी मोडत होती. त्या वासानं आणि त्या आवाजानं मी चढ विसरले आणि कितीतरी मागे गेले.

मी लहान होते तेव्हा बाबा म्हणजे वर्षातून एकदा येणारा पाहुणा. दाराशी मोठे बूट दिसायचे, घरात पॉलिशचा वास यायचा, आणि मी भाताच्या कणगीमागे जाऊन बसायची. एका सुट्टीत तर मी तिथून चार दिवस हलले नाही. आई रागवायची, "अगो, बाप हाय तुजा, वाघ नाय!" बाबांनी मला कधी ओढून बाहेर काढलं नाही. ते दिवसभर रानात जायचे आणि परत आल्यावर उंबऱ्यावर काहीतरी ठेवून द्यायचे. पहिल्या दिवशी गुंजांचा लालकाळा घोस. दुसऱ्या दिवशी निळं पीस. मग सापाची कात, पातळ, पारदर्शक, डोळ्यांच्या खाचांसकट. पाचव्या दिवशी एक घरटं ठेवलं, गवताच्या काड्यांचं, लांब नळीचं. ते बघून मला राहवलं नाही. मी कणगीमागून आले. बाबा पाठमोरे बसून कोयत्याला धार लावत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"कुनाचं हाय?" मी विचारलं.

"सुगरणीचं."

"ती कुटं गेली?"

"तिनं दुसरं बांधलं. बघायचं?"

मी मान हलवली. त्यांना पाठीमागून ती दिसली कशी कोण जाणे, पण कोयता बाजूला ठेवून ते उठले आणि चालायला लागले. मी दहा पावलं मागे. ओढ्यापर्यंत गेलो, शिंदीच्या झाडावर लटकलेली घरटी पाहिली. परत येताना मी त्यांचं बोट धरलं होतं, असं आई सांगते. मला बोट आठवत नाही. त्यांच्या पाठीवरचा घामाचा डाग आठवतो.

मी दहा वर्षांची असताना ते कायमचे घरी आले. भातसानगरला, धरणाच्या वसाहतीत, त्यांना पहाऱ्याची नोकरी लागली. पहाटेच्या पाळीला सायकलवर जायचे, दुपारी परत यायचे. जेवले की शेतात. कधी आडवे झालेले मी पाहिले नाहीत. आवणीच्या दिवसांत चिखलात वाकून रोपं लावताना ते बायकांच्या बरोबरीनं ओळीत असायचे, आणि त्यांच्या रोपांची रेघ इतकी सरळ यायची की बायका हसायच्या, "मेजर, भाताला काय परेड करायची हाय?" पावसाच्या तोंडाला ते आम्हाला शेवळांची रानभाजी शोधायला न्यायचे. पालापाचोळ्यातून जांभळट कोंब वर आलेले असायचे, ते दिसायला डोळा लागतो. सुधीरला लगेच सापडायचे. मला सापडायचे नाहीत. बाबा मग माझ्याजवळ येऊन उभे राहायचे आणि नुसते एका दिशेला बघत राहायचे, मला ते सापडेपर्यंत.

पौषात म्हशाच्या जत्रेला जायचं. आईचं माहेर मुरबाडकडचं, सरळगावच्या पलीकडे. एसटी होती, आई आणि सुधीर तिनं जायचे. बाबा आणि मी चालत. किन्हवली मागे टाकायची, वाटेत शाई नदी, मग काळू. दोन्ही नद्यांत गुडघ्याएवढं पाणी, आणि ते थंड इतकं की हसू यायचं. खडकावर बसून भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खायची. बाबा मला पक्ष्यांचे आवाज ऐकवायचे आणि नावं मात्र विचारायला लावायचे. आपणहून सांगायचे नाहीत. संध्याकाळी मामाच्या दारात पोचलो की मामी म्हणायची, "पोरीचे पाय मोडलेस रे दादा." माझे पाय मोडले नव्हते. आज पन्नाशी ओलांडल्यावर कुठलाही चढ मला अवघड वाटत नाही, तो त्या चालण्यांमुळे.

त्यांची एक सवय मात्र मला फार उशिरा कळली. नवीन जमिनीवरून जायचं असलं की ते आम्हाला पुढे जाऊ द्यायचे नाहीत. स्वतः आधी जायचे, सावकाश, जमिनीकडे बघत, आणि म्हणायचे, "माझ्या पावलात पाऊल ठेवा." मला वाटायचं, साप-विंचवांसाठी. एकदा काळूच्या काठी बसलो असताना मी विचारलं, "बाबा, लढाईत तुमी माणसं मारली?"

त्यांनी भाकरीचा उरलेला तुकडा फडक्यात बांधला. "मी रस्ते केले गो बाय. पूल बांधले. लढाई सरल्यावर आमाला शेतांतले सुरुंग काढायला लावले. सरहद्दीच्या गावातली शेतं. शेतकरी बांधावर बैल घेऊन उभा असायचा, नांगरायचं कधी म्हणून. आमी वीत-वीत जमीन तपासत जायचो."

"मग?"

"मग एके दिवशी त्यानं नांगर धरला. आमी बांधावर उभं राहून बघत व्हतो. एक तास गेला, दुसरा गेला, काय झालं नाय. तो आमच्यासाठी लस्सी घेऊन आला."

यापेक्षा जास्त त्यांनी कधी सांगितलं नाही. त्या कामात कोणी गेलं का, कोणाचे पाय गेले का, हे मी विचारलं नाही, आणि विचारलं नाही हे बरं केलं असं मला वाटतं.

जाळपट्टी त्यांनी घरी आल्याच्या पहिल्याच फाल्गुनात काढायला घेतली. आमच्याकडे पावसाआधी शेतात राब भाजतात. भाताचं रोप जिथे पेरायचं तिथे पालापाचोळा, शेण, गवत पसरून पेटवून देतात. वारा फिरला की ती आग हातची सुटते आणि डोंगराला लागते. पट्टीच्या पूर्वेच्या टोकाशी ठाकूरवाडी होती, सहा घरांची, गवतानं शाकारलेली. तिथला गोमा बाबांचा लहानपणापासूनचा दोस्त. पट्टी दोघांनी मिळून काढली. गाव हसलं. कोणी म्हणालं, मेजरला फौजेत खंदक खणायची सवय लागलीय, हात स्वस्थ बसत नाहीत. बाबा भातसानगरहून यायचे, जेवायचे, कोयता-कुदळ घेऊन वर जायचे. आई खालून बडबडायची, "घरचं छप्पर गळतंय त्ये दिसत नाय, डोंगराचे केस कापायला चालले!"

पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी बारा वर्षांची होते. चैत्रातली दुपार. बाबा नुकतेच पाळीवरून आले होते, सायकल अजून भिंतीला टेकायची होती. धुराचा वास आला आणि टेकडीच्या माथ्यामागून काळा लोट उठला. एक ससा आमच्या अंगणातून, माणसांची पर्वा न करता, सरळ निघून गेला. कापड फाडल्यासारखा आवाज येत होता, सतत, न थांबता.

बाबांनी मूठभर माती उचलून सोडली, ती कुठे जाते पाहिलं. "वारा गावाकडं हाय," ते म्हणाले. आईला सांगितलं, "गुरं सोड, सुधीरच्या हाती नदीकडं लाव. छपरावर पानी मार." आणि वर पळाले. मी त्यांच्या मागे. मला कोणी थांबवलं नाही, बहुधा कोणाला दिसलेच नाही.

पट्टीवर गावची माणसं जमली होती. ओल्या फांद्या घेऊन वर आगीकडे जायच्या तयारीत. बाबांनी हात आडवे करून सगळ्यांना अडवलं.

"वर कोनी जायचं नाय. वारा फिरला तर कोंडीत सापडाल. आपुन हितून लावायची. पट्टीच्या वरच्या कडंनं. आपली आग वर जाईल, ती आग खाली येईल. मधी जळायला काय उरनार नाय."

"मेजर, डोस्कं फिरलं काय?" कोणीतरी ओरडलं. "आग इझवायची का लावायची?"

"वाडी जळंल सगळी!" दुसरा म्हणाला.

ते खरं होतं. वाडी पट्टीला अगदी लागून होती, आणि पूर्वेच्या टोकाला गोमाच्या घराच्या डोक्यावरच आग लावावी लागणार होती. बाबा गोमाकडे वळले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला.

"गोमा, तुझ्या घरापासून सुरू करायला लागंल. लावू?"

गोमाकाकानं घराकडे पाहिलं. त्याची बायको टोपलीत कोंबड्या भरत होती. मग त्यानं वरच्या धुराकडे पाहिलं, मग पट्टीकडे.

"पट्टी कोनी काढली?" तो म्हणाला. "तू आनि मी. मग इचारतंस काय? लाव."

बाबांनी स्वतःच्या हातानं पहिली पेटती काडी गवताला लावली. मग आम्हा सगळ्यांना, बाया-बापे-पोरी, दहा-दहा पावलांवर पट्टीभर उभं केलं. प्रत्येकाच्या हातात ओली फांदी. "पुढं बघू नका," ते ओळीतून फिरत सांगत होते, "मागं बघा. ठिणगी मागं पडते." मी आगीकडे पाठ करून उभी राहिले. पाठ भाजत होती. समोर, खाली, वाडीची सहा छपरं. एक ठिणगी माझ्या समोरच्या गवतात पडली, मी ती झोडपली, झोडपतच राहिले, ती विझून कितीतरी वेळ झाला होता तरी. बाबा जवळ येऊन म्हणाले, "मेली ती. आता पुढची बघ." त्यांच्या भुवया जळून गेल्या होत्या.

मग दोन्ही आगी एकमेकींना भेटल्या. मोठा हुंकार झाला, ज्वाळा झाडांच्या वर गेल्या, आणि बघता बघता बसल्या. आवाज थांबला. राखेचे तुकडे केसांवर, खांद्यांवर अलगद पडत होते. वाडीतलं एक बाळ रडत होतं, ते रडणं मला इतकं छान वाटलं.

तेवढ्यात खालून आरडाओरडा झाला. पेटत्या पाल्याचा एक पुंजका आम्हा सगळ्यांच्या डोक्यांवरून उडत जाऊन आमच्याच पेंढ्याच्या उडवीवर पडला होता. वर्षभराचा गुरांचा चारा. वरून आम्हाला दिसत होतं, उडवी भसाभसा पेटली होती आणि आई घागरी घेऊन धावत होती. मी रडायला लागले. बाबा पट्टीवर खाली बसले.

"गुरं सोडलीत ना तिनं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घर हाय?"

"हाय."

"मग झालं. पानी दे."

गोमाकाका त्यांच्या शेजारी बसला. दोघांनी एकमेकांचे काळे चेहरे पाहिले आणि हसायला लागले, म्हाताऱ्या बायकांसारखे, अंग हलवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सडा घालायला दार उघडून बाहेर गेली आणि तिनं बाबांना हाक मारली. कुंपणाशी पेंढ्याचे भारे पडले होते. कोणी आणून टाकले, दिसलं नव्हतं. ऊन चढेपर्यंत अजून येत राहिले. कोणाच्या डोक्यावरून, कोणाच्या गाडीतून. हसणाऱ्यांनीही आणले. वाडीकडे पेंढा कुठला? त्यांनी मेढी आणि बांबू आणले आणि उडवीसाठी नवा माच उभा केला. बाबा दगडावर बसून तोंड धुवायला लागले. बराच वेळ धूत राहिले. आई म्हणाली, "सगळं पानी सपवाल." तरी धूत राहिले.

त्यानंतर काही वर्षं शिमगा झाला की दुसऱ्या दिवशी सगळं गाव पट्टीवर जायचं. मग पोरं कारखान्यांत, कल्याण-ठाण्याला लागली, राबही कमी झाले, आणि पुन्हा ते दोघेच उरले. वाडीला रस्त्याकडेला पक्की घरं मिळाली, ती खाली आली. गोमाकाका गेला. मग बाबा एकटे. सुधीरला सुट्टी असली की तो जायचा. बाबा सत्याहत्तर वर्षांचे होईपर्यंत वर गेले. शेवटच्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिला. चैत्रातल्या एका दुपारी जेवून पडवीत टेकले, आणि तिथेच गेले. कोणाला काही त्रास न देता. त्यांनी आयुष्यभर कोणाला दिलाही नव्हता.

मी चढून वर पोचले. शेवटच्या जाळीतून बाहेर आले आणि थांबले.

पट्टी साफ होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापलेलं गवत खालच्या बाजूला रचून ठेवलेलं, पाला लोटलेला, मातीवर खराट्याच्या रेघा अजून ताज्या. मी वाकून त्या रेघांवरून हात फिरवला. कोणाचं तरी बूड फुटलेलं प्लास्टिकचं पाण्याचं भांडं पडलं होतं, एक हिरवी बांगडी फुटून पडली होती.

संध्याकाळी सुधीर कामावरून आला तेव्हा मी विचारलं, "पट्टी कोणी काढली?"

"आमी. मी, ही, वाडीतली मानसं. दोन रविवार लागले."

"मला सांगितलं नाहीस."

तो बूट काढत होता. "सांगायचं काय त्यात? गवत काय बाबांना इचारून उगवतं?"

मी चहा करायला उठले. वर्षभर मी एक ओझं वाहत होते, आणि ते माझं एकटीचं आहे असं समजत होते, याची मला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा कितीतरी जास्त, बरं वाटलं.

आई पडवीत बसून हे ऐकत होती. "मला पन ने उद्या," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं. आई चाळीस वर्षांत त्या पट्टीवर एकदाही गेली नव्हती. वणवा लागला तेव्हासुद्धा ती खाली होती. गुरं, चूल, पोरं, शेत. तिला वेळच नव्हता, आणि डोंगराशी तिचं भांडणही होतं. आता तिनं पंचाहत्तरी ओलांडलेली.

"पाय दुखतील गं," मी म्हटलं.

"दुखू देत. त्येंना काय काम हाय आता?"

सकाळी उन्हं चढायच्या आत निघालो. मी पुढे, ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. दर वीस पावलांवर बसत होती, आणि प्रत्येक वेळी डोंगराला एक शिवी देत होती. तासाभरानं पट्टीवर आलो. तिनं पदरानं तोंड पुसलं, एका सपाट दगडावर बसली आणि खाली पाहिलं.

खाली आमचं घर होतं. कौलं, पडवी, अंगण, तुळस, न्हाणीचा दगड, धुणं वाळत घालायची दोरी. सगळं तळहातावर ठेवल्यासारखं. अंगणात वहिनी सुपात काहीतरी पाखडत होती. तिच्या हातांची हालचालसुद्धा दिसत होती.

आईनं त्या दगडावरून हात फिरवला.

"हितं बसायचा काय त्यो?" तिनं विचारलं.

"हो. दमले की याच दगडावर."

"म्हंजे मी अंगनात काय करते, त्ये समदं ह्येला दिसत व्हतं."

"दिसत असणार."

ती पुन्हा बघायला लागली. नजर दोरीवरून न्हाणीकडे, न्हाणीवरून तुळशीकडे, आपल्याच आयुष्यावरून फिरावी तशी फिरत होती. "कदी बोलला नाय," ती म्हणाली. मग हसली, आणि इतक्या वर्षांत मी कधी पाहिलं नव्हतं अशी, तरण्या बाईसारखी लाजली. "मला ठावं असतं तर चांगलं लुगडं तरी नेसले असते."

तेवढ्यात खाली वाळत घातलेल्या भाताजवळ कोंबड्या आल्या. आई ताडकन उभी राहिली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि टेकडीवरून ओरडली, "गो मनीषाऽऽ! कोंबड्या हाकल गोऽऽ!"

वहिनीनं सूप खाली ठेवलं. तिनं दाराकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं. मग हळूहळू मान वर केली.